मदत हवी आहे: खलनायिकेच्या तोंडी तिचा दोष कसा लिहावा?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीसाठी 'लॉफुल ईव्हिल' (नियम पाळणारं, पण दुष्ट) पात्र लिहिते आहे: कर्ज थकवणाऱ्या गावांची धान्याची कोठारं जप्त करणारी जहागीरदारीण. पात्राच्या कागदावर स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष असे रकाने असतात. आदर्श सहज सुचला: 'करार मोडला की राज्य मोडतं.' बंधही सुचला: 'वडिलांनी राखलेली जहागीर मी तुकड्यांत वाटू देणार नाही.'

अडलंय दोषापाशी. 'मी क्रूर आहे' लिहिलं की पात्र खोटं वाटतं. दुर्योधनही स्वतःला हक्क नाकारलेला वारसच मानतो ना! उलट तिची बाजू फार पटेल अशी मांडली, तर खेळाडू तिच्याकडे झुकतात आणि उपाशी गावं मागे पडतात.

खेळातल्या मंत्राचीही मदत नाही. या आवृत्तीत 'डिटेक्ट ईव्हिल अँड गुड' फीन्ड (सैतानी जीव), अनडेड (मेलेले पण वावरणारे), सेलेस्टियल (स्वर्गीय जीव) असे जीव जवळ आहेत का ते सांगतो, माणसाची वृत्ती नाही. म्हणजे सगळा भार तिच्या बोलण्यावर.

सध्या तिच्या वाक्यांतला 'मी' काढून टाकते: 'मी कोठार रिकामं केलं' ऐवजी 'कोठार रिकामं करावं लागलं'. मराठीत हे सुरेख जमतं, पण एका प्रसंगात तीनदा आलं की ती लकब होते आणि धार जाते.

तिला स्वतःचा गुण वाटेल, पण ऐकणाऱ्याला खुपेल अशी दोषाची एक ओळ कशी बांधता? आणि गावकऱ्यांची बाजू त्याच प्रसंगात आणता की नंतरच्या?