कोकणात गाडीसाठी पत्र्याची बंदिस्त शेड: पाया आणि पत्रा कसा ठरवावा?

प्रश्न
आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जवळच आहे. परसात चारचाकीसाठी 12 बाय 20 फुटांची शेड उभारायची असून, पावसाची झड आत येऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनाही पत्राच लावायचा आहे. फॅब्रिकेटरने सहा खांब, प्रत्येकी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा आणि 0.35 मिमीचा रंगीत पत्रा असे दरपत्रक दिले आहे. पत्रा हलका असल्याने एवढा पाया पुरेल, असे त्यांचे म्हणणे आहे. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात उडालेले पत्रे पाहिल्यापासून मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
आपली शंका रास्त आहे, कारण पत्रा हलका असतो म्हणूनच पाया जड लागतो. अशा शेडला खरा धोका वरून दबण्याचा नसून उचलले जाण्याचा आहे. समोरची बाजू उघडी असेल, तर वारा आत कोंडून छपराला खालून ढकलतो आणि त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा ते वर ओढतो. ताशी 140 किमी वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला 90 किलोच्या आसपास भरतो. म्हणजे आपल्या सुमारे 22 चौरस मीटर छपरावर जवळपास दोन टनांची ओढ येऊ शकते. दीड फुटी खड्ड्यातल्या काँक्रीटचे वजन जेमतेम 230 किलो होते. तेच दोन फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल घेतले, तर एका खांबाखाली सुमारे 800 किलो वजन मिळते. मध्येच कातळ लागला, तर खड्डा अर्धवट सोडू देऊ नये; कातळात भोके पाडून सळया ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) बसवाव्यात. शिवाय बाजूंना क्रॉस ब्रेसिंग, म्हणजे खांबांना जोडणारे तिरपे आधार, हवेच. अंतिम मापे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावीत.

दुसरे उत्तर
पायाबद्दल वरील मताशी पूर्ण सहमत आहे. खाऱ्या हवेत पत्र्याची जाडी 0.50 मिमी घ्यावी आणि जस्त-ॲल्युमिनियमच्या लेपाचे वजन बिलावर लिहून घ्यावे, कारण वरच्या रंगावरून आतला लेप ओळखता येत नाही. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी लेप जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. स्क्रू मारताना पडलेला लोखंडी कीस त्याच संध्याकाळी मऊ ब्रशने झाडून घ्यावा, नाहीतर पहिल्याच पावसात छपरावर तांबूस ठिपके उमटतात. स्क्रूखालचा रबरी वॉशर नुसता दबला पाहिजे; तो बाहेर फुगला, तर स्क्रू जास्त आवळला आहे असे समजावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाजूचा पत्रा थेट जमिनीपर्यंत न्यावा का?

दुसरे उत्तर देणारे
नेऊ नये. खाली जांभ्याचा दीड फुटी कट्टा बांधून पत्रा त्याच्या बाहेरच्या अंगाने दोन-तीन इंच खाली उतरवावा, म्हणजे पाणी आत न येता बाहेर ओघळेल. पत्रा ओल्या सिमेंटला टेकू देऊ नये, कारण त्याने लेप खराब होतो. छपराखाली दोन्ही टोकांना जाळी लावून हवा खेळती ठेवावी. बंद शेडमध्ये पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो आणि तेच पाणी गाडीवर ठिबकते.