आर्क्टिकच्या ढगात पाणी कधी गोठणार हे खालच्या जमिनीवर कसं ठरतं?

राजेंद्रनगर_इंदूर: नमस्कार मंडळी, मी इथे अकरावीची फिजिक्सची ट्यूशन घेते. परवा फ्रीझरमधून डिस्टिल्ड वॉटरची सीलबंद बाटली काढून दाखवली, आत पाणीच होतं, टेबलावर आपटली तशा वरून खालपर्यंत पांढऱ्या सुया पळत गेल्या. मग एकीने विचारलं की आर्क्टिकच्या ढगातही असंच पाणी असतं का, आणि असेल तर त्याला कोण आपटतं? मी एवढंच वाचलंय की खाली बर्फ आहे की उघडा समुद्र यानेही फरक पडतो. ते कसं?

लोकमान्यनगर: ताई, पोरीने फार चांगलं विचारलंय! ढगातला शुद्ध पाण्याचा थेंब मायनस ३८ च्या आसपास जाईपर्यंत आपणहून गोठत नाही, त्याआधी गोठायचं तर आत असा कण लागतो की ज्याच्यावर पाण्याचे रेणू बर्फाच्या रचनेत बसतील. कुठलाही कण चालत नाही. वाळवंटाची धूळ साधारण मायनस १५ च्या खाली कामाला लागते, पण काही बॅक्टेरियांच्या अंगावरचं प्रोटीन मायनस २ लाच सुरुवात करतं. ध्रुवावरची हवा इतकी स्वच्छ की असे कण अगदी मोजके, म्हणून खालून काय वर येतं त्याला एवढी किंमत.

ढगवेडा: आणि खालून येणारं ऋतूप्रमाणे बदलतं ना. हिवाळ्यात जमीन झाकलेली, समुद्र गोठलेला, वर जाणार काय? उन्हाळ्यात स्वालबार्डला (नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं, भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच आहे) हिमनद्यांनी दगड दळून केलेली पिठासारखी माती उघडी पडते आणि वारा ती उचलतो, त्यात थोडासा सेंद्रिय अंश असतो म्हणून ती नुसत्या खनिजापेक्षा कमी थंडीतही थेंब गोठवते. समुद्र मोकळा झाला की लाटांचे बुडबुडे फुटताना सूक्ष्मजीवांचे अवशेष हवेत उडतात. २०१९-२० मध्ये पोलारस्टर्न हे जर्मन संशोधन जहाज वर्षभर बर्फाबरोबर वाहत होतं, तेव्हाही असे कण उन्हाळ्यातच वाढलेले दिसले.

राजेंद्रनगर_इंदूर: वा, खूप छान समजलं. पण खाली कण आहेत म्हणजे ते ढगात पोचणारच का?

लोकमान्यनगर: नाही, आणि मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आर्क्टिकमध्ये बरेचदा खाली थंड आणि वर उबदार हवा असते, मग खालची हवा वर चढतच नाही आणि ढग खालच्या जमिनीपासून किंवा समुद्रापासून तुटलेला राहतो. २०१७ च्या उन्हाळ्यात याच जहाजावरून रडार आणि लिडारने (लेझरने ढग तपासणारं यंत्र) पाहिलं तर खालच्या हवेशी जोडलेल्या ढगांत मायनस १० च्या वर, म्हणजे फार थंडी नसतानाही, बर्फ जास्त वेळा सापडला. त्यामुळे मुलांना नुसतं तापमान सांगू नका, खालची हवा वरपर्यंत मिसळतेय का हेही सांगा.

ढगवेडा: एवढं जोडतो, सगळंच श्रेय जमिनीला नको. धूळ आशियातल्या वाळवंटातूनही तिथवर जाते, आणि मायनस ३ ते ८ मध्ये थेंब बर्फकणावर आदळून गोठताना बारीक कपच्या उडतात, त्या कपच्याच पुढचे थेंब गोठवतात.

राजेंद्रनगर_इंदूर: थँक्यू दोघांनाही, उद्याच्या बॅचला पुढच्या बाटलीत चिमूटभर माती टाकून बघते, आधीच गोठते का ते.