मदत हवी: सासूबाईंना तुळजापूरला न्यायचंय, अभिषेक होईल का?

विडीघरकुल: शनिवारी जायचं ठरलंय. ओळखीच्या पुजाऱ्यांना फोन केला तर "आता अभिषेक नाही, पौर्णिमेनंतर या" म्हणाले आणि फोन ठेवला. मला शनिवारशिवाय सुट्टी नाही. दुसरं कुणी करून देईल का? लवकर सांगा.

हिप्परगेकर: कुठला शनिवार ताई? दसऱ्याआधीचा की नंतरचा?

विडीघरकुल: नंतरचा. त्यानं काय फरक पडतो?

हिप्परगेकर: सगळा फरक त्यानंच पडतो की ओ. दसऱ्याला पहाटे सीमोल्लंघन होतं. बुऱ्हाणनगरच्या पालखीतून देवीची मूर्ती मंदिराला प्रदक्षिणा घालते, मग घोडेगावहून आलेल्या पलंगावर निजते. ती थेट आश्विन पौर्णिमेला पहाटे सिंहासनावर येते. निजलेल्या आईला अंघोळ कोण घालणार? दर्शन मात्र होतं. पुजाऱ्यांनी बरोबरच सांगितलंय.

उदोउदो: मग कोजागिरीला चालतच या. सोलापुरात रूपाभवानीला पाया पडून रात्री निघायचं, तुळजापूर 45 किमी. मी दरवर्षी जातो. नवस पायांनीच फेडावा.

तुळजापूरवेस: सासूबाईंचं वय न विचारता 45 किमी? ताई, वय किती? गुडघे कसे आहेत?

विडीघरकुल: 71. उजवा गुडघा वाकत नाही.

उदोउदो: आमच्यासोबत सत्तरीच्या आज्या चालतात. आई चालवून घेते.

तुळजापूरवेस: त्यांचं त्यांना. ताई, ऐका. महाद्वारातून मंदिर खाली आहे. उतरताना कळत नाही, परत चढताना गुडघा बोलतो. माझ्या आईला कल्लोळ तीर्थापाशी बसवलं, मग गोमुखाशी, असं थांबत नेलं. कोजागिरीला नेऊच नका. वाहतूक वळवलेली असते, गर्दीत टेकायलासुद्धा जागा नसते.

हिप्परगेकर: नवस कसला आहे? नुसती ओटी असेल तर थांबायचं कारण नाही.

विडीघरकुल: अभिषेकाचाच आहे. नातू दवाखान्यातून घरी आला तर अभिषेक करेन, तोवर भात खाणार नाही म्हणाल्या होत्या. तो येऊन चार महिने झाले. हिरवा खण आणि नारळ देवघरात डब्यात भरून ठेवलाय, रोज झाकण उघडून बघतात. म्हणून घाई.

स्वामीभक्त: अक्कलकोटही करणार असाल तर गुरुवार टाळा.

विडीघरकुल: आत्ताच त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "निजलीय तर निजू दे गं, नऊ दिवस लढलीय." पौर्णिमेनंतरचा शनिवार धरते. पहाटे किती वाजता निघावं?