उंबर आणि त्यातली चिलटं

मधमाशी नि फुलं एकमेकांच्या उपयोगी पडतात हे उदाहरण नेहमी दिलं जातं, त्यात उंबराची भर घालतो. उंबराची फुलं दिसत नाहीत कारण ती फळाच्या आतच असतात, आणि तिथे पोचू शकते फक्त एक इवलीशी वास्प, म्हणजे गांधीलमाशीच्या जातकुळीतला चिलटाएवढा कीटक. फळाच्या टोकाच्या भोकातून ती मादी घुसते तेव्हा जागा इतकी अरुंद की तिचे पंख तुटून पडतात, मग आत पराग पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. त्या फुलांत बी धरत नाही, पिल्लं वाढतात, बाकीच्यांत बी धरतं, म्हणजे झाड थोडं बियाणं देऊन परागीभवन करून घेतं! पुढे बिनपंखी नर त्या फुलांतून आधी बाहेर येतात, माद्यांशी मिलन करतात, फळाला भोक पाडतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात, हातात दिवस एखाद-दुसराच, तेवढ्यात दुसरं उंबर गाठायचं.

यात फुकटे पण आहेत बरं का, काही वास्प बाहेरूनच लांब सुईसारख्या अवयवाने फळात अंडी घालतात, परागीभवन शून्य. उंबरावरच्या मुंग्या त्यांना पकडतात. म्हणून उंबर फोडल्यावर किडे दिसले की नाक मुरडू नका, प्लीज.