एलीयाची झोप आणि पुढाऱ्याची प्रार्थना

बायबलमधील पौलाच्या पत्रातील १ तीमथ्य ४:८ या वचनाचा आधार घेऊन याआधी असे मांडले गेले आहे की, शारीरिक कसरत थोडक्या बाबतीतच उपयोगी असल्याने ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्याने केवळ प्रार्थना व वचनवाचन यांकडे लक्ष द्यावे. पौलाने तेथे तुलना केली आहे, निषेध नव्हे. आणि दुसऱ्यांना घोषणा केल्यावर स्वतः अपात्र ठरू नये म्हणून आपण शरीराला दास करून ठेवतो, असे त्यानेच १ करिंथ ९:२७ मध्ये लिहिले आहे.

मला येथे १ राजे १९ हा अध्याय सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कर्मेल डोंगरावर बआलच्या संदेष्ट्यांवर मिळवलेल्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने खचलेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा त्याला उपदेश केला जात नाही. त्याला झोपू दिले जाते, देवदूत दोनदा उठवून त्याला खायला सांगतो, आणि होरेब डोंगरावरील देवाची मंद वाणी तो ४० दिवसांच्या वाटचालीनंतर ऐकतो. थकलेल्या सेवकाची चिडचिड किंवा टीका सहन न होणे यांना आपण फार लवकर आध्यात्मिक पतन म्हणतो (कधी ते असतेही), पण तो किती रात्री नीट झोपलेला नाही, हे कोणी विचारत नाही.

एकांताच्या प्रार्थनेबाबत एवढेच जोडतो. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे एकांती प्रार्थना करतो, आणि सर्व लोक शोधत आहेत असे शिष्यांनी सांगताच तो आसपासच्या गावांकडे निघतो. गर्दीची मागणी बाजूला ठेवण्याची ही स्पष्टता त्या पहाटेतून आली, असे मी मानतो.