लेकीच्या रिसायटलसाठी जुनी अमेरिकन गाणी, ऑपेरावाल्यांपैकी कोणाची ऐकवू?

जर्सीची_आई
नमस्कार मंडळी, लेक १७ वर्षांची, सोप्रानो (म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच पट्टीचा आवाज), चार वर्षं ऑपेरा पद्धतीचं गाणं शिकतेय. मे महिन्यात तिचं रिसायटल, म्हणजे एकटीचा गाण्याचा कार्यक्रम आहे, मोझार्ट आणि शूबर्ट झाल्यावर शेवटी तीन जुनी अमेरिकन गाणी घ्या असं गाण्याच्या बाईंनी सांगितलंय. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात तिने संगीतकार गर्श्विनचं 'समवन टू वॉच ओव्हर मी' म्हटलं होतं, आवाज मागच्या रांगेपर्यंत खणखणीत, पण माझी आई साताऱ्याहून आली होती, तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, ती येताना गाडीत हळूच म्हणाली, छान गायली गं, पण शब्द एकही कळला नाही. लेकीने ते ऐकलं आणि तेव्हापासून ते गाणं तिच्या तोंडून निघालेलं नाही. सिनात्रा, एला फिट्झजेराल्ड घरात वाजतातच, मला ऑपेरावाले हवेत, ज्यांना हे खरंच जमलंय असे.

कोकणकडा
ताई, डोळे मिटून आयलीन फॅरेल. वाग्नर गाणारा दणदणीत आवाज, आणि तीच बाई ब्लूज गायला लागली की ओळखू येत नाही. १९५९ ला इटलीत स्पोलेटोच्या महोत्सवात वेर्दीचं रेक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना) गायला गेली होती, तिथे जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग आजारी पडला तर त्याच्या बँडबरोबर हीच उभी राहिली! पुढच्या वर्षी 'आय हॅव गॉट अ राइट टू सिंग द ब्लूज' हा अल्बम आला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (मेटमध्ये) तिचं पदार्पण झालं. वयाच्या सत्तरीच्या आसपास तिने हॅरॉल्ड आर्लन, रॉजर्स-हार्ट यांच्या गाण्यांचे अल्बम केले तेही ऐकवा. ती पट्टी सरळ खाली घेते, बोलण्याच्या आवाजात गाते, आणि वरचा सूर आला तरी तो मिरवत नाही.

पहाटवारा
फॅरेल थोरच, पण किरी टे कानावा या सोप्रानोला विसरू नका. १९८७ चा तिचा गर्श्विनचा अल्बम जॉन मॅकग्लिनने जुन्या मूळ वाद्यवृंद-रचना शोधून केलाय, ही गाणी मूळच्या संगीत नाटकांत कशी वाजत असतील ते कळतं.

कोकणकडा
आवाज सुंदर आहे हो, मान्य, पण स्वर इतके लांबवते की शब्द विरघळून जातात, आणि ताईंची अडचण नेमकी तीच आहे. या मुलीला आत्ता ते ऐकवू नका असं मला मनापासून वाटतं.

सूरपेटी
मी पियानोवर साथ करते म्हणून दोन गोष्टी सांगते. ऑपेराचा गळा माइकशिवाय ऑर्केस्ट्राच्या वरून ऐकू जाण्यासाठी तयार केलेला असतो आणि या गाण्यांची नंतरची सगळी गायकी माइकच्या जवळ जाऊन झाली, त्यामुळे छापील पट्टीत सोप्रानोने गायलं की आवाज वर डोक्यात घुमतो, शब्द ओठांवर राहत नाहीत. दोन-तीन सूर खाली घ्या, लगेच फरक कळेल. दुसरं म्हणजे व्हर्स गाळू नका. मुख्य गाण्याच्या आधीचा तो भाग, संगीत नाटकात नट बोलता बोलता पदात शिरतो ना, अगदी तसा. जॅझवाले बरेचदा तो सोडून देतात, रिसायटलमध्ये मात्र तोच खरा हात देतो. 'माय फनी व्हॅलेंटाइन' १९३७ च्या 'बेब्ज इन आर्म्स' या संगीत नाटकातलं, तिथे व्हॅलेंटाइन हे मुलाचं नाव आहे, आणि व्हर्स मुद्दाम जुनाट इंग्रजीत लिहिलंय, ते म्हटलं की पुढची साधी ओळ एकदम काळजाला भिडते. सोप्रानो डॉन अपशॉचा रॉजर्स-हार्ट अल्बम (१९९६) यासाठी ऐका, ती आधी गोष्ट सांगते आणि मग गाते.

मधली_सुट्टी
रेनी फ्लेमिंगचा 'हाँटेड हार्ट', २००५. फ्रेड हर्शचा पियानो, बिल फ्रिझेलची गिटार, आणि आवाज इतका खालचा की ही मेटवाली सोप्रानो हे पटत नाही. कॉलेजात असताना न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅमच्या एका बारमध्ये ती जॅझ ट्रिओबरोबर गायची, ते मुरलेलं दिसतं.

जर्सीची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे. शनिवारी फॅरेल लावली, लेक जिन्यात बसून शेवटपर्यंत ऐकत होती, मग आपणहून तेच गेल्या वर्षीचं गाणं काढलं. बाईंनी पट्टी खाली घेतली आणि व्हर्स आधी नुसतं बोलायला लावलं, चार वेळा, गाऊच दिलं नाही. रात्री आईला फोनवर ऐकवलं, तिने पहिल्या दोन ओळी परत म्हणून दाखवल्या. म्हणजे 'समवन' आणि 'व्हॅलेंटाइन' नक्की. तिसरं जेरोम कर्नचं 'ऑल द थिंग्ज यू आर' घेऊ का? मधे सूर फार फिरतात म्हणून धाकधूक आहे.

सूरपेटी
घ्या. मधला भाग सुरू होतो तिथे आणि तो संपून मूळ चाल परत येते तिथे, या दोन जागांसाठी पियानोवाल्यांबरोबर वेगळं बसा, बाकी तिचा गळा बघून घेईल.