‘कुळागर’ या शब्दाखाली लाल रेघ आली आणि माझे लिहिणे थांबले

सावईची (फोंडा)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे मराठीत कथा लिहिते. आमच्या घरात कोकणी बोलली जाते. चौथीपर्यंत मी गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेले. त्यामुळे मराठी ही माझी वाचनाची, भजनाची आणि जत्रेतल्या नाटकांची भाषा आहे, पण भांडायची वेळ आली की तोंडात कोकणीच येते. आजवर सहा कथा छापून आल्या. त्यांपैकी चार गोव्यातल्याच दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत आल्या असल्यामुळे, ‘पुरवणी भरायची होती म्हणून घेतल्या असतील’ असे मी स्वतःला सांगत आले आहे.

गेल्या वर्षी आईच्या माहेरच्या खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगत बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीकाठच्या, गावावर एक मोठी कथा लिहून ती महाराष्ट्रातील एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी पाठवली. ती साभार परत आली. परत येण्याचे मला फारसे वाटले नसते, पण हस्तलिखितात ‘कुळागर’, ‘माटोळी’ आणि ‘मानस’ या तीन शब्दांखाली लाल रेघा होत्या, समासात ‘बाग’, ‘तोरण’ आणि ‘दार’ असे पर्याय लिहिलेले होते, आणि शेवटच्या पानावर ‘भाषा प्रमाण मराठीच्या जवळ आणावी, शेवट आवरावा’ एवढाच शेरा होता. त्या दिवसापासून आठ महिने झाले, मी एकही पान पूर्ण केलेले नाही. फाईल उघडते, पहिला परिच्छेद वाचते आणि बंद करते.

इकडे कोकणीत लिहिणाऱ्या मैत्रिणी विचारतात की घरात कोकणी असताना मराठीत कशाला लिहितेस. तिकडे पाठवावे तर ही मराठी नव्हे असे कळते. मागच्या महिन्यात पणजीला एका कार्यक्रमात कोणी तरी ‘या लेखिका’ अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मी घाईघाईने ‘नाही हो, असेच थोडेफार’ म्हणाले आणि घरी येईपर्यंत त्या उत्तराची लाज वाटत राहिली. आपल्याला लिहिता येत नाही ही शंका खरी आहे की नुसतीच सवय आहे, हे तुम्ही कसे ओळखता?

निवृत्त मास्तर (पेडणे)

ताई, प्रमाण भाषेची भीती गोव्यातल्या माणसाने तरी बाळगू नये. १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला छापले गेलेले ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. ते १५७९ मध्ये गोव्यात आले, येथेच भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्या मराठीत लिहून गेले. शुद्ध मराठी सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून येथील बोलीतले सोपे शब्द आपण जागोजागी मिसळले आहेत, असे त्यांनी प्रस्तावनेत स्वच्छ सांगितले आहे. (त्या ग्रंथामागचा धर्मप्रसाराचा हेतू हा वेगळा विषय आहे, तो येथे काढू नये ही विनंती.) ज्या मिसळीबद्दल तुम्हाला लाज वाटते, ती चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने विचारपूर्वक केली होती.

‘मराठीत कशाला’ या प्रश्नाचे म्हणाल, तर बोरीच्या बा. भ. बोरकरांनी आयुष्यभर दोन्ही भाषांत लिहिले. मराठीत त्यांचे केवढे नाव होते, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८१ साली मिळाला तो ‘सासाय’ या कोकणी संग्रहाला. तीनही शब्द जसेच्या तसे ठेवा आणि दुसरीकडे पाठवा.

रात्रपाळी (मडगाव)

मास्तरांचा पूर्ण आदर ठेवून सांगते की रायतूरचा इतिहास रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाही. मी परिचारिका आहे, ललित लेख लिहिते आणि या भोवऱ्यातून गेले आहे. स्टीफन्स मोठे होते हे ऐकून माझे मन लगेच म्हणते, ‘ते मोठे होते, तू कोण?’

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली एका निबंधात कर्तबगार स्त्रियांची अशी अवस्था मांडली होती, की मिळालेले यश त्या नशिबाला, ओळखीला किंवा निवड करणाऱ्याच्या चुकीला देतात आणि आपले बिंग कधी तरी फुटेल या धास्तीत राहतात. तुमचे ‘पुरवणी भरायची होती म्हणून घेतल्या’ हे वाक्य वाचताना मला तो निबंध आठवला. छापून आलेल्या सहा कथा नशिबाने आल्या आणि परत आलेली एक मात्र तुमच्या लायकीमुळे आली, हा हिशेब कोणत्या वहीतला आहे?

माझा उपाय अगदी साधा आहे आणि त्याने शंका जात नाही, हेही सांगून ठेवते. मी ज्या दिवशी लिहिते त्या दिवशी ते वाचत नाही. वहीत तारीख आणि किती ओळी झाल्या एवढेच टिपते, आणि वाचन पुढच्या आठवड्याच्या सुट्टीवर टाकते. रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाने स्वतःबद्दल कोणताही निकाल देऊ नये, हे रुग्णालयात शिकले. आणि कोणी लेखिका म्हटले तर ‘हो, लिहिते’ एवढेच म्हणावे. क्रियापदाला पुरावा लागत नाही.

मुद्रितशोधक (पणजी)

मी बावीस वर्षे मुद्रिते तपासली, म्हणून थोडे रुक्ष लिहीन. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आहे, जिच्याकडे वरच्या दोघांनी पाहिले नाही आणि तुम्ही तर अजिबातच पाहिलेले नाही. संपादकांचा शेरा दोन भागांचा आहे. ‘भाषा प्रमाण मराठीच्या जवळ आणावी’ यावर तुम्ही आठ महिने जळता आहात. ‘शेवट आवरावा’ हे शब्द तुम्ही येथे उतरवले आणि त्यावर चकार शब्द काढला नाही.

पहिला भाग चुकीचा आहे असे माझे मत आहे. पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल आणि त्यांतून फिरणारे पाटाचे पाणी मिळून जे होते, ते ‘बाग’ म्हटल्याने डोळ्यांसमोर येत नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातली फळे-फुले बांधून टांगलेली लाकडी चौकट म्हणजे तोरण नव्हे. आणि मानशीला नुसते ‘दार’ म्हटले, तर खाजनाची सगळी युक्तीच हरवते, कारण भरतीच्या पाण्याने ते आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, हेच तर त्याचे वैशिष्ट्य. मात्र ‘जसेच्या तसे ठेवा’ या मास्तरांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. चंद्रपूरच्या वाचकाने मानस कधी पाहिलेली नाही. शब्द बदलू नका, पण तो पहिल्यांदा येतो तेथे ती वस्तू काम करताना दिसली पाहिजे. कंसात अर्थ देणे हा आळस आहे. संपादकाला शब्द खटकला याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की त्या ठिकाणी त्याला काही दिसले नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी शंकेला एकच विचारतो: कोणते पान, कोणती ओळ? ‘पान सोळा, आजीचे बोलणे लांबले आहे’ असे उत्तर आले, तर ती शंका कामाची, तिला खुर्ची द्यावी. ‘तुला मराठीच येत नाही’ असे उत्तर आले, तर तिच्याजवळ पान नाही, ओळ नाही, आणि तिच्यासाठी कथा थांबवण्याचे कारण नाही. तुमच्या बाबतीत गंमत अशी झाली आहे की पान क्रमांक नसलेली शंका इतकी मोठ्याने बोलते आहे, की पान क्रमांक असलेली ऐकूच येत नाही. कदाचित तिचा तुम्हाला आधारही वाटत असेल; भाषेवर अन्याय झाला असे म्हटले की शेवटाकडे पाहावे लागत नाही. हे कठोर वाटले तर क्षमस्व. शेवटची तीन पाने कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकणारा कोठे चुळबुळ करतो तेवढे पाहा.

सावईची (फोंडा)

उत्तर द्यायला नऊ दिवस लागले. मुद्रितशोधकांचे लिहिणे वाचून पहिल्या दिवशी राग आला, दुसऱ्या दिवशी अधिक आला, आणि रविवारी मी आईला शेवटची तीन पाने वाचून दाखवली. तिने मध्येच उठून चुलीवरचे दूध पाहिले. परत आल्यावर मी विचारले, तर म्हणाली की म्हातारीने मानशीपाशी कंदील ठेवला तेथेच तिला सगळे कळले होते, मग पुढे ती एवढे कशाला बोलते? कंदिलानंतर दीड पान होते. त्यात आजी नातीला जमीन, वारसा आणि पाणी यांचा अर्थ समजावून सांगते. ते मला कथेतले सर्वांत चांगले वाटत होते, कारण तेथे माझी मराठी सर्वांत जास्त ‘प्रमाण’ झाली होती. हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ गप्प बसून राहिले.

दीड पान काढले आहे. मानस पहिल्यांदा येते तेथे भरती चढताना फळ्या चौकटीवर आपटून मिटतात, तो आवाज घातला. अर्थ दिलेला नाही. ‘कुळागर’ तसेच ठेवले. ‘माटोळी’च्या वाक्यावर अजून काम चालू आहे, कारण फळांची नावे एकामागून एक लिहिली की ती यादीसारखी वाचली जाते. रात्रपाळीताई, तुमच्यासारखी वही केली आहे. तीत आजची तारीख आणि चौदा ओळी एवढेच लिहिले.

कथा त्याच मासिकाकडे पुन्हा पाठवावी की दुसरीकडे, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास कृपया सांगावे.

मुद्रितशोधक (पणजी)

त्यांच्याकडेच पाठवा, आणि सोबतच्या पत्रात शेवट आवरला आहे एवढे कळवा. शब्दांबद्दल काही लिहू नका. माटोळीत सगळी फळे नकोत. आजीच्या हाताला जे शेवटी लागते ते एकच पुरे.